भरमू काकांच्या बांधावरची रेघ

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळावर मला सोडायला आई, आप्पा आणि गावातली एक भाड्याची ओम्नी एवढा लवाजमा आला होता. आत फक्त तिकीटवाल्यांना सोडतात, हे आप्पांना मी दोनदा सांगितलं होतं. तरी ते दारावरच्या जवानाशी आधी मराठीत, मग कानडीत, मग मोडक्यातोडक्या हिंदीत बोलून बघत होते. जवान हसत होता, पण सोडत नव्हता. तोवर आईचा खटाटोप चाललेला, तांदळाचा डबा माझ्या बॅगेत कोंबायचा. आमच्या शेतातला बासमती. वजन पुरं भरलंय म्हटल्यावर म्हणाली, "मग ती वायरींची पिशवी काढ की. ते काय तिकडं मिळत न्हाय?" त्या पिशवीत दोन चार्जर, एक हार्ड डिस्क, एक पॉवर बँक आणि तीन जुने फोन होते. मी वायरी काढल्या नाहीत. तांदूळ आमच्या गावी, उचगावला परत गेला. हे सांगताना आजही लाज वाटते, पण खरं ते खरं.

आप्पा शेवटी एवढंच म्हणाले, "जा आता. मागं बघत बसलीस की पाय निघत न्हाय." मी बघितलं नाही. बघायला सवडच नव्हती, कारण खिशातला फोन आमच्या दारापासून विमानतळापर्यंतची वाट नोंदवत होता, आणि खासबागेत ओम्नी चहाला थांबली तेवढ्यात ॲप बंद पडलं की काय, याची मला काळजी लागली होती. घर सोडताना माणसं रडतात. मी जीपीएस तपासत होते.

तर मी अशी आहे. मला यंत्रांचं वेड आहे आणि त्यावरच माझं पोट भरतं. जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहते, मोटारींसाठी लागणारं सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. आठ वर्षं झाली. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना वेगळं सांगायला नको: इथं डॉक्टरकडं जायला टर्मिन घ्यावी लागते, केस कापायला टर्मिन घ्यावी लागते, आणि रविवारी कपडे धुवायचं मशीन लावलं तर जिन्यात चिठ्ठी लागते. जे गावातच राहिले त्यांच्यासाठी सांगते, टर्मिन म्हणजे वेळ ठरवून जाणं. कुणाच्याही दारात "हाईसा काय?" असं ओरडत शिरायची सोय इथं नाही.

यंत्रांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मी न विचारता सांगते, म्हणून नवरा मला पार्टीत कोपऱ्यात बसवतो. उदाहरणार्थ, मनगटावरचं स्मार्ट घड्याळ ही शुद्ध भानगड आहे. "ऊठ, उभी राहा," असं मला आईनं आयुष्यभर सांगितलं, त्यासाठी आणखी एक यंत्र कशाला? व्हिडिओ कॉल तर मला मुळीच आवडत नाही. आई फोन मांडीवर आडवा ठेवते आणि मला अर्धा तास छताचा पत्रा दिसतो. उलट व्हॉइस मेसेज ही फार मोठी गोष्ट आहे. आईचे चार-चार मिनिटांचे मेसेज येतात. त्यात बोलणं कमी आणि मिक्सर, कोंबड्या, बसचा हॉर्न, "थांब गं, दूध उतू गेलं" हे जास्त. ते मी ट्रेनमध्ये बसून पुन्हा पुन्हा ऐकते.

आणि मला विचाराल तर जगातलं सगळ्यात उत्तम यंत्र आमच्या विहिरीवर आहे. मोटारीचा मोबाईल स्टार्टर. त्यात सिम घातलेलं असतं. आप्पा कट्ट्यावर बसून आपल्या साध्या बटणांच्या फोनवरून त्याला रिंग देतात, तिकडं शेतात मोटार सुरू होते. ना ॲप, ना पासवर्ड, ना "आमच्या नव्या अटी मान्य करा". मी त्यांना महागातला फोन पाठवला, तो त्यांनी कपाटात ठेवलाय. पाहुणे आले की काढून दाखवतात आणि परत ठेवतात.

पण मी इथं लिहायला बसले ती ही मतं सांगायला नाही. माझ्याच एका उद्योगामुळं गेल्या वर्षी आप्पांची शेताकडं जायची वाट बंद झाली, ते सांगायचंय.

इथला पहिला हिवाळा मला जड गेला. दुपारीच दिवे लावावे लागायचे, नवरा तेव्हा अजून पुण्यातच होता, आणि शनिवार-रविवारी कुणाशी एक शब्द बोलणं व्हायचं नाही. त्या दिवसांत मला नकाशाचा नाद लागला. सगळ्यांनी मिळून करायचा एक फुकटचा नकाशा असतो. जगभरातले रिकामटेकडे, म्हणजे आमच्यासारखे, उपग्रहाच्या फोटोवर रेघा मारत बसतात. कुणी बसथांबे टाकतं, कुणी गल्लीतली झाडं. त्यात उचगाव होतं, म्हणजे नाव होतं, एक मोठा रस्ता होता, बाकी सगळं पांढरं. मला ते बघवेना. एवढं मोठं गाव, आठवड्याचा बाजार भरतो, आणि जगाच्या नकाशात कोरा कागद?

मग मी बसलेच. आमची गल्ली काढली, देवळं काढली, शाळा, पाण्याची टाकी, डेअरी, गिरणी. फोटोवर पत्रा चमकताना दिसला की हे कुणाचं घर ते आठवायचं आणि रेघ मारायची. विहीर दिसली की त्यात पोहायला कोण कोण असायचं ते आठवायचं. सोमवारी ऑफिसात सगळे डोंगरात जाऊन आल्याचं सांगायचे. मी सांगायचे, मी गावी जाऊन आले. एकट्या माणसाला एवढं बरं वाटायला लावणारं दुसरं सॉफ्टवेअर मी अजून पाहिलेलं नाही, आणि हे मी आजही म्हणते.

त्याच ओघात मी आमच्या शेताची वाट काढली.

ती वाट कशी आहे ते नीट सांगते. आमचं शेत गावापासून आत आहे. तिथं जायचं तर भरमू काकांच्या बांधावरूनच जावं लागतं. भरमू काका आमचे भाऊबंद नाहीत, सोयरे नाहीत. बांधाला बांध लागून आहे एवढंच नातं. बांध चांगला रुंद आहे, पूर्वी बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर जातो. ही वाट आमच्या शेतात येऊन संपते. शेताच्या पलीकडं ओढा आहे आणि ओढ्याच्या कडेनं एक पायवाट वेंगुर्ल्याच्या मोठ्या रस्त्याला निघते. कॉलेजची बस गाठायला मी तिथनं धावत जायचे. म्हणून नकाशात मी दोन्ही वाटा जोडून टाकल्या. ट्रॅक्टर जातो म्हणजे रस्ताच की, असं म्हणून पायवाटेऐवजी 'रस्ता' असं नोंदवलं. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक सलग रेघ. लई झ्याक दिसत होती.

सहा वर्षं काहीच झालं नाही. मधल्या काळात वीटभट्टीवाल्यांनी माती न्यायला ओढ्याकडची पायवाट रुंद केली, हे मला इकडं कळायचं कारण नव्हतं. मग गेल्या उन्हाळ्यात मोठ्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं. गाड्या तुंबायला लागल्या. आणि आमचा फुकटचा नकाशा वापरणाऱ्या कुठल्याशा ॲपनं सरळ विचार केला: रस्ता तुंबलाय, शेजारी दुसरा आहे, वळवा.

मला हे कळलं ते ऑफिसच्या कँटीनमध्ये, दुपारी, बटाट्याचं सॅलड खाताना. फोनवर बेळगावकडची एक चित्रफीत आली. मी बेळगावचं काही सोडत नाही, म्हणून ॲप मला तेच वाढतं. गाडीतून कुणातरी पोरानं काढलेली. वर लिहिलेलं, "म्हाताऱ्याची दादागिरी, पर्यटकांचा रस्ता अडवला". पाऊस पडतोय, मागं गाड्यांची रांग, आणि वाटेत काटेरी फांद्या टाकून, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला, हातात कोयता धरलेला एक माणूस ओरडतोय. मी तो माणूस बघितला आणि काटा खाली ठेवला. ते भरमू काका होते. ज्यांच्या खांद्यावर बसून मी बैल बघायला गेलेय, ते.

खालच्या प्रतिक्रिया वाचल्या नसत्या तर बरं झालं असतं. पण आमच्या जातीचा माणूस वाचल्याशिवाय राहतो होय? एकानं लिहिलेलं, कोयता गँगवाला. अहो, काटे तोडायला आलेला माणूस कोयता नाही तर काय लॅपटॉप आणणार? गाडीची पाटी कर्नाटकातली बघून काका कानडीत ओरडत होते, म्हणून महाराष्ट्रातले लोक त्यांना मराठीचा शत्रू ठरवत होते. मग कुणीतरी गाव ओळखलं, तेव्हा कानडी पोरं त्यांना मराठी गुंड म्हणायला लागली. दहाव्या प्रतिक्रियेला सीमाप्रश्न सुरू झाला. त्या माणसाचं भात तुडवलं जातंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी उत्तर लिहायला घेतलं, चार ओळी लिहिल्या, आणि मग माझी नजर काकांच्या मागं गेली. मागं आमच्या विहिरीवरची मोटारीची पेटी दिसत होती.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी नकाशा उघडला. त्यात रेघेवर बोट ठेवलं की ती कुणी काढली ते दिसतं. दुसरं कोण असणार? माझंच टोपणनाव होतं. लिहिलेल्या चार ओळी मी पुसून टाकल्या.

घरी फोन लावला. आईनं नेहमीचं सुरू केलं, सगळं बरं हाय, पाऊस बरा हाय. मी म्हटलं, आप्पा शेतात गेलेत का?

"घरातच हाईत."

"या वेळेला?"

मग ती बोलली. गाड्या आधी एखाद-दुसरी यायच्या, वाट चुकल्यात असं वाटायचं. मग शनिवार-रविवारी रांगच लागायला लागली. चिखलात रुतायच्या, मागं घ्यायला म्हणून भरमू काकांच्या लावलेल्या भातात शिरायच्या. काकांनी एका गाडीवाल्याला विचारलं, तुला हितनं याय कुणी सांगितलं? त्यानं फोन दाखवला. फोनमध्ये काकांच्या बांधावरनं पांढरा रस्ता गेलेला.

आमच्याकडं नकाशातली रेघ म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. बायपास आणि रिंगरोडच्या बातम्यांवर गेली कित्येक वर्षं माणसं कशीबशी झोपतात. आधी रेघ येते, मग मोजणीवाले येतात, मग दगड पुरले जातात आणि शेवटी नोटीस येते. काकांचं शेत आहेच केवढं? त्यांना वाटलं, आज फोनात आलं, उद्या पंचायत खडी टाकणार आणि आपला बांध गेला. ते तसेच चिखलाच्या पायांनी आमच्या घरी आले होते.

"आप्पास्नी म्हणाला, तुजी लेक असलीच कामं करती न्हवं? तिनं काढलाय व्हय हा रस्ता?" आई सांगत होती. "आप्पा म्हणाले, माजी लेक असलं करायची न्हाय. लई तोडून बोलले. तवापास्नं भरमूनं काटं टाकल्यात. गाड्यांस्नी बी आनि आपल्याला बी."

मग म्हटलं, "आई, मीच काढलाय."

तिनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ते मी न्हाय सांगणार त्यास्नी. तू सांग."

मी सांगितलं. आप्पा चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कशापायी गं?" आणि माझं उत्तर यायच्या आधीच फोन आईच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की असला धंदा शिकलोच कशाला आपण.

आता अडचण कसली होती ते समजून घ्या. शेतात रताळी होती. रताळी नवरात्राच्या उपासाला बाजारात गेली तर ठीक, नंतर त्यांना कोण विचारतंय? नवरात्राला दीड महिना उरला होता. काट्यांवरून ट्रॅक्टर जाणार नव्हता. पलीकडची ओढ्याची वाट गाड्यांनी घसरून घसरून पार खचली होती, तिथून माणूसही नीट जाईना. भरमू काकांकडं जाऊन बोलणं एवढाच उपाय. आणि आप्पा जायला तयार नव्हते. "मी त्येच्या तोंडावर माझ्या लेकीची हमी दिली. आता कुठल्या तोंडानं जाऊ?" असं आईला म्हणाले. रताळी कुजली तरी चालतील, पण आपण खोटे ठरलो हे त्यांना सोसत नव्हतं. चाळीस वर्षांचा शेजार, आणि दोघं डेअरीवर एकमेकांकडं पाठ करून उभे राहत होते.

मी मला जमतं ते आधी केलं. रेघ पुसली. दुसऱ्या दिवशी बघते तर परत आलेली. नागपूरकडच्या एका अनोळखी गड्यानं ती पुन्हा टाकली होती आणि खाली सभ्यपणे लिहिलं होतं, या रस्त्यावर गाड्या जात असल्याच्या भरपूर नोंदी आहेत, पुराव्याशिवाय पुसू नये. त्याचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं, मीही दुसऱ्यांशी असंच वागते. त्यानं विचारलं, हा रस्ता सार्वजनिक आहे, खासगी आहे की कागदोपत्री हक्काचा? मी हुशारीनं 'खासगी' लिहायला गेले आणि थांबले. खासगी म्हटलं तर आमचा ट्रॅक्टर तिथं काय करतो? सार्वजनिक म्हटलं तर काकांची भीती खरी ठरली. मला ठाऊकच नव्हतं. ज्या वाटेवरून अख्खं बालपण गेलं, ती कशाच्या जोरावर आमची आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

इथं माझ्या घरमालकिणीच्या परसातून शेजाऱ्याला मागच्या रस्त्याला जायची वाट आहे. त्याचा कागद आहे, सरकारी नोंद आहे, वाट किती रुंद आणि बर्फ कुणी काढायचा हेसुद्धा त्यात लिहिलंय. तसलंच काहीतरी आमच्याकडंही असेल म्हणून मी आप्पांना फोन केला. यावेळी ते बोलले.

"उताऱ्यावर हाय का ती वाट?"

"न्हाय."

"कुठं स्टँप पेपर वगैरे?"

"न्हाय गं."

"मग कशाच्या जोरावर जातोय आपण?"

"इचारून."

"कधी विचारलं होतं?"

"दरवर्सी इचारतो. पेरणीच्या आदी. भरमू, औंदा गाडी घालू का म्हणतो. त्यो म्हणतो, घाल की."

चाळीस वर्षं. दर वर्षी. उत्तर ठाऊक असताना. मला हे कुणी कॉलेजात असताना सांगितलं असतं तर मी हसले असते, म्हणाले असते एकदाच कागद करून टाका की, दरवर्षी कशाला लॉगिन? आता हसू आलं नाही. त्या प्रश्नातच ती वाट टिकली होती. मी तो प्रश्न न विचारता, सात हजार किलोमीटरवर बसून, माउसनं उत्तर रेखून टाकलं होतं.

नागपूरच्या गड्याला मी सगळं खरं लिहिलं. रेघ मी काढली, चुकून काढली, वाट शब्दावर चालते, तुमच्या तीन पर्यायांत ती बसत नाही. त्यानं रेघ स्वतःच पुसली आणि लिहिलं, आमच्या मामाच्या गावाला पण असंच आहे, सॉरी. इंटरनेटवर माणसं वाईटच असतात असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

रेघ गेली, महिन्याभरात ॲपमधूनही गेली, गाड्या थांबल्या. आमच्या धंद्याचा रोग असा की बग मिटला की प्रकरण मिटलं असं वाटतं. काटे मात्र तिथंच होते. नवरात्राला दोन आठवडे उरले तेव्हा मी रजा टाकली आणि सांबऱ्याला उतरले. आप्पा घ्यायला आले होते. वाटेत ते पावसाबद्दल बोलले, पुलाबद्दल बोलले, पेट्रोलबद्दल बोलले. रताळ्यांचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच भरमू काकांच्या घरी गेले. काका सोप्यात दोरी वळत बसले होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला बघून "आलीस गं बाय," म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. काकांनी मान वर केली नाही.

"काका, तो रस्ता मीच काढलेला."

"ठावं हाय."

"आप्पांना खरंच माहीत नव्हतं."

"ते बी ठावं हाय. त्यो मला फसवायचा न्हाय." दोरीला पीळ देत म्हणाले, "पर तू कशाला काढलास?"

काय सांगणार? ओपन डेटा? जगाच्या नकाशात उचगाव? मी खरं तेच सांगितलं. "आठवण यायची काका. म्हणून काढायचे."

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आठवण आल्यावर माणूस फोन करतो गं. मला कवा केलास फोन?"

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही. काकूंनी चहा पुढं केला आणि काकांना दटावलं, "पोरीला रडवताय व्हय? एवढ्या लांबनं आलीया." काका म्हणाले, मी कुठं काय बोललो. थोडं सावरल्यावर मी ठरवून आलेला प्रश्न विचारला.

"काका, औंदा गाडी घालू का?"

ते दोरी बाजूला ठेवून बसले. "तू कोण घालणार? पेरलंय कुणी?"

"आप्पांनी."

"मग त्येला इचारू दे की. पाऊस पडून गेला, पोळा झाला, गणपती झाला, त्येनं तोंड दावलं न्हाय मला. लेकीनं चूक केली, करू दे, पोरंच ती. त्येनं याय नको? बांधावरनं रस्ता गेला असता तरी मी एवढा पेटलो नसतो. मला वाटलं, रस्ता गावतोय म्हणून त्येला आता माझी गरजच उरली न्हाय."

एवढंच होतं होय सगळं. मी घरी येऊन आप्पांना शब्द न शब्द सांगितला. त्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली आणि निघाले. मी मागोमाग निघाले तर आईनं हात धरला, "तू न्हाय जायाचं." त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही. तासाभरानं आप्पा आले. मी विचारलं, काय म्हणाले काका?

"काय म्हणणार? चा दिला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलं म्हणालो. उद्या ट्रॅक्टर आन म्हणालाय."

माझ्या चुकीला आप्पा "चुकलं" म्हणून आले होते. साठी उलटलेल्या माणसानं. आठ वर्षांत मी त्यांना फोन दिला, घरावर नवा पत्रा घालायला पैसे पाठवले, आणि एवढं एक काम मला त्यांच्याऐवजी करता आलं नाही. माझ्या तोंडून ते चाललंच नसतं.

दुसऱ्या दिवशी काटे काकांनी स्वतःच ओढून काढले. चार दिवस रताळी काढणं चाललं होतं. बायका लावल्या होत्या, मीही वाकून काढली, दोन तासांत कंबर धरली आणि सगळ्यांना चेष्टेला विषय मिळाला. "जर्मनीत खाली वाकत न्हाईत व्हय?" काका बांधावर बसून ट्रॅक्टरवाल्याला "डावीकडं घे, डावीकडं," म्हणून ओरडत होते आणि आप्पा त्यांना "त्येला कळतंय रं," म्हणत होते. नवरात्राच्या चार दिवस आधी माल बेळगावच्या बाजारात गेला. भावाचं विचारू नका, पण गेला.

परत निघायच्या आदल्या दिवशी मी सकाळीच शेताकडं चालत गेले. यावेळी फोन घरी ठेवला होता. बांधाच्या सुरुवातीला पोचले आणि पाय अडखळला. काका त्यांच्या भातात उभे होते, पाणी दुसरीकडं वळवत. इतक्या वर्षांत मी इथं कधी थांबले नव्हते, पण आता कळलं होतं म्हटल्यावर विचारल्याशिवाय पुढं कसं जायचं? मी मनापासून विचारलं.

"काका, जाऊ का हितनं?"

ते हसले. किती दिवसांनी त्यांना तसं हसताना पाहिलं. हातातलं फावडं टेकून, कौतुकानं म्हणाले, "जा की गं बाय. तुला काय इचारायचं? ते इचारायचं आमचं आमी. तू पावणी आता."

प्रेमानंच म्हणाले ते. मी पण हसले, आणि त्यांच्या बांधावरून शेताकडं गेले. डोळे भरून आले होते. माझ्यासारख्या गेलेल्यांनो, तुम्हाला हे कधी कळलं ते मला माहीत नाही. मला त्या बांधावर कळलं. ज्याला दरवर्षी विचारावं लागतं, त्याचं ते गाव. मला आता विचारावं लागत नाही.